पंचांगाची सूर्याशी गाठ घालू पाहणारे डॉ. मेघनाद साहा



गणेशचतुर्थी जवळ आली की आपल्या बेटावर घरोघरी पंचांग उघडले जाते. कोणाकडे पुण्याचे, कोणाकडे मुंबईचे, कोणाकडे भारतभेटीस गेलेल्या पाहुण्याने आणलेले. तिथी केव्हा लागते आणि केव्हा संपते हे भारतीय वेळेप्रमाणे छापलेले असते. आपण घड्याळात दीड तास मागे. मग बोटांवर हिशेब होतो, आणि एखाद्या वर्षी एकाच रस्त्यावरच्या दोन घरांत दोन मते निघतात. वर्गातील मुले दुसऱ्या दिवशी आम्हांला विचारतात की चंद्र एक, सूर्य एक, मग पंचांगे इतकी कशी? लहान तोंडचा हा प्रश्न मोठा आहे. भारतातील एका मोठ्या शास्त्रज्ञाने आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे ह्याच प्रश्नाला दिली. डॉ. मेघनाद साहा हे ते शास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या अभ्यासासाठी त्यांचे नाव जगभर घेतले जाते. पंचांगासाठी त्यांनी केलेले कष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहेत.

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवडातली ह्या खेड्यात झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. त्या दिवशी मोठे वादळ झाले, पाऊस कोसळत होता, म्हणून मुलाचे नाव मेघनाथ ठेवले, असे सांगतात. पुढे त्याने स्वतःच ते मेघनाद असे केले. मेघनाद म्हणजे रावणाचा मुलगा इंद्रजित. देवांच्या राजाचे नाव टाकून त्याला जिंकणाऱ्याचे नाव घेणारा हा मुलगा पुढे कसा निघेल, याची थोडी कल्पना त्यावरूनच येते.

वडील जगन्नाथ साहा यांचे गावात किराणामालाचे लहानसे दुकान होते. आठ भावंडांत मेघनाद पाचवा. गावच्या शाळेतील शिक्षण संपल्यावर मुलाने दुकानावर बसावे असे वडिलांचे मत होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते रास्तच होते, कारण पुढची शाळा सिमुलिया गावी, म्हणजे दहा किलोमीटर दूर. तेथे राहण्याजेवण्याचा खर्च कोठून आणायचा? थोरला भाऊ जयनाथ मध्ये पडला. सिमुलियाचे एक डॉक्टर अनंतकुमार दास यांनी मुलाला आपल्या घरी ठेवून घेण्याचे कबूल केले. अट इतकीच की त्याने आपली भांडी आपण घासावी आणि घरच्या गाईची निगा राखावी. मेघनादाने गाय सांभाळली, अभ्यास केला आणि मिडल स्कूलच्या परीक्षेत तो ढाका जिल्ह्यात पहिला आला. दरमहा ४ रुपयांची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. जयनाथ तागाच्या गिरणीत २० रुपयांवर नोकरी करी. त्यांतून तो ५ रुपये पाठवू लागला. वैश्य समाजाच्या एका मंडळाने २ रुपये दिले. अशा ११ रुपयांवर मुलगा १९०५ साली ढाक्याच्या सरकारी कॉलेजिएट शाळेत दाखल झाला.

तेच बंगालच्या फाळणीचे वर्ष. गव्हर्नर फुलर यांच्या भेटीच्या वेळी शाळेतील काही मुलांनी निषेध केला. मेघनाद त्यांत होता. त्याला शाळेतून काढण्यात आले आणि शिष्यवृत्तीही गेली. किशोरीलाल जुबिली शाळेने त्याला घेतले नसते, तर ही कथा किराणा दुकानातच संपली असती. १९०९ च्या प्रवेश परीक्षेत तो पूर्व बंगालच्या मुलांत पहिला आला.

१९११ मध्ये तो कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेला. त्या वर्गाचे नशीब थोर म्हणावे लागेल. सत्येंद्रनाथ बोस त्याचे वर्गबंधू, प्रशांतचंद्र महालनोबिस एक वर्ष पुढे, शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. ह्या दोन्ही परीक्षांत बोस पहिले आणि साहा दुसरे.

पण वर्गातील ही जागा वसतिगृहात मिळाली नाही. ईडन हिंदू वसतिगृहात राहत असताना उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्याच्या पंक्तीस बसून जेवण्यास हरकत घेतली. त्याला वेगळे बसून जेवावे लागे. सरस्वतीपूजेच्या दिवशीही पूजेच्या जागी त्याला मज्जाव झाला. सरस्वती ही विद्येची देवता. आणि जिल्ह्यात, प्रांतात पहिला येणाऱ्या ह्या मुलाला तिच्या समोर उभे राहता येऊ नये! आम्ही शिक्षक आहोत, म्हणून ही गोष्ट आम्हांला जेवणाच्या पंक्तीपेक्षाही अधिक लागते. ते ह्याविषयी कटुतेने बोलत राहिले नाहीत, पण जातिभेदाचा त्यांना आलेला वीट जन्मभर टिकला, आणि शास्त्राच्या नावाने जे जे सांगितले जाई ते तपासून घेण्याची सवयही.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो. सर आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्त्याच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात १९१६ मध्ये साहा आणि बोस ह्या दोघा तरुणांना घेतले. दोघांनी मिळून आइन्स्टाइन आणि मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील जर्मन निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने छापले. साहांचा एक निबंध अमेरिकेतील एका मासिकाकडे गेला होता, पण छपाईचा खर्च लेखकाने सोसावा असे उत्तर आले आणि तेवढे पैसे त्यांच्याजवळ नव्हते.

१९२० सालीच लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये त्यांचा सूर्याच्या वातावरणावरील प्रसिद्ध निबंध आला. त्यातील विचार सोप्या शब्दांत असा: सूर्याचा किंवा ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पाहिला तर त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. पण एका ताऱ्यात एका द्रव्याच्या रेषा ठळक, तर दुसऱ्यात त्यांचा पत्ताच नाही, असे का? तारे वेगवेगळ्या द्रव्यांचे आहेत काय? साहांनी दाखविले की मुख्य कारण उष्णता हे आहे. उष्णता वाढली आणि दाब कमी असला की अणूतून इलेक्ट्रॉन सुटून जातो, आणि अणूच्या रेषा बदलतात. हे किती प्रमाणात घडेल ह्याचे समीकरण त्यांनी मांडले. त्यामुळे रेषा पाहून ताऱ्याची उष्णता सांगता येऊ लागली. सत्ताविसाव्या वर्षी केलेले हे काम आजही साहा समीकरण ह्या नावाने जगभर शिकविले जाते. १९२७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. नोबेल पारितोषिकासाठीही त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचविले गेले, पण ते मिळाले नाही.

लंडन आणि बर्लिन येथे काम करून ते १९२१ मध्ये परतले. १९२३ ते १९३८ अशी पंधरा वर्षे अलाहाबादेस शिकविण्यात गेली, नंतर पुन्हा कलकत्ता. १९३४ मध्ये मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. १९३५ मध्ये त्यांनी सायन्स अँड कल्चर हे मासिक सुरू केले. नद्यांचे पूर, वीज, कारखाने, राष्ट्रीय नियोजन, असे सर्व विषय त्यात येत. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना १९३८ मध्ये जी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली, तिच्यामागे साहांचा आग्रह होता. कलकत्त्यास त्यांनी अणुविज्ञानाची संस्था उभारली; ती आज त्यांच्याच नावाने चालते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कलकत्त्याहून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. प्रयोगशाळेतला माणूस संसदेत कशाला, असे पुष्कळांना वाटले. नेहरूंच्या सरकारवर ते तेथे कडक टीका करीत. अणुशक्तीच्या कारभाराबाबत त्यांचे आणि डॉ. होमी भाभांचे पटले नव्हते, आणि तो सल चेहऱ्यावर लपविण्याचा स्वभावही नव्हता.

हे सर्व चालू असताना पंचांगाचा विषय त्यांच्या डोक्यात कसा आला? मुळात ते सूर्याचेच अभ्यासक. शिवाय जुने ग्रंथ न वाचता त्यांना नावे ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते. सगळे काही वेदांत आहेच, असे म्हणणाऱ्यांचा त्यांना राग येई, पण त्यासाठी त्यांनी ते ग्रंथ स्वतः काढून वाचले आणि मग लिहिले. सूर्यसिद्धान्ताचे गणित त्यांनी तपासले. आर्यभट आणि वराहमिहिर यांच्याविषयी त्यांना आदर होता; तक्रार होती ती पुढच्या हजार-दीड हजार वर्षांत आकाशाकडे न पाहणाऱ्यांविषयी.

ती तक्रार काय होती हे नीट समजून घेऊ या, कारण सगळी मेख येथे आहे. पृथ्वीवरील ऋतू ज्या वर्षाने फिरतात ते वर्ष ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे आणि काही सेकंदांचे आहे. सूर्यसिद्धान्ताने वर्ष धरले ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटांहून थोडे जास्त. फरक सुमारे २४ मिनिटांचा. वर्षाला २४ मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण साठ वर्षांत त्याचा एक दिवस होतो, आणि चौदाशे वर्षांत २३ दिवस. सूर्यसिद्धान्ताच्या काळात मेषसंक्रांत वसंतसंपाताच्या दिवशी, म्हणजे दिवस आणि रात्र समान होतात तेव्हा येई. आज ती १४ एप्रिलच्या सुमारास येते. मकरसंक्रांत हे उत्तरायण. सूर्य उत्तरेकडे वळतो तो दिवस. सूर्य खरोखर वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास, आणि आपण तीळगूळ वाटतो १४ जानेवारीला.

हे आम्ही पुस्तकातून वाचले होते, पण पटले ते अंगणात. प्रशिक्षणाच्या काळात सावलीचा एक प्रयोग शिकविला होता. डिसेंबरात शाळा बंद असते, म्हणून एका वर्षी घरीच एक मीटरची काठी उभी रोवली आणि सूर्य डोक्यावर येई तेव्हाची सावली मोजत गेलो. आपले बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस २० अंशांवर. त्यामुळे त्या दिवसांत दुपारचा सूर्य आपल्या किंचित दक्षिणेला असतो आणि सावली उत्तरेकडे पडते. २२ डिसेंबरला ती सर्वांत लांब, साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास भरली. पुढे ती आखडत गेली. संक्रांतीच्या दिवशी जेमतेम दोन सेंटिमीटर राहिली होती. म्हणजे सूर्य केव्हाच मागे फिरला होता, आणि आम्ही त्या दिवशी त्याच्या वळण्याचा सण करीत होतो. (ढगांमुळे मधले बरेच दिवस वाया गेले, हेही सांगितले पाहिजे.)

कोणी म्हणेल, आपले सण तर चंद्राच्या तिथीवर असतात; संक्रांत सरकली तर सरकू द्या. पण चांद्रमासांना ऋतूंशी बांधून ठेवतो तो अधिक महिना, आणि अधिक महिना कोठे घालायचा हे संक्रांतींवरून ठरते. संक्रांत सरकली की पाडवा, चतुर्थी, दसरा, दिवाळी सगळेच हळूहळू तिच्यामागे सरकतात. असेच चालू राहिले तर काही हजार वर्षांनी वसंतपंचमी भर उन्हाळ्यात आणि दिवाळी थंडीच्या शेवटी येईल. युरोपात अशीच चूक १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी दुरुस्त केली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. साहांचे म्हणणे होते की जे तेथे झाले ते येथेही करता येईल.

महाराष्ट्राला हा वाद नवा नव्हता, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकातच दृक्प्रत्ययाचे, म्हणजे आकाशात दिसते तसे येणारे पंचांग काढले होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्र हा मराठी ग्रंथ १८९६ चा. लोकमान्य टिळकांनी तर वेदकाळ ठरविण्यासाठी संपातांचेच गणित वापरले. त्यांचा ओरायन हा ग्रंथ १८९३ चा, म्हणजे साहांच्या जन्मवर्षाचा. पंचांगशुद्धीच्या परिषदांतही लोकमान्यांनी भाग घेतला. पण राशिचक्राचा आरंभ कोठे धरायचा, चित्रा ताऱ्यावरून की रेवतीवरून, यावर विद्वानांचे एकमत झाले नाही. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक. त्यामुळे टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते, आणि एखाद्या वर्षी अधिक महिनाच वेगळा पडतो. अशा वर्षी कोकणातील टिळक पंचांगवाल्यांचे सण शेजाऱ्यांपेक्षा महिनाभर मागेपुढे होतात. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्याच रत्नागिरीकडून येथे आले. चुकीचे पंचांग सोडून खरे पंचांग करावयास निघालेले लोक, आणि त्यांचीच दोन पंचांगे! साहांपुढची अडचण केवढी होती हे ह्यावरून दिसते.

नोव्हेंबर १९५२ मध्ये भारत सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने पंचांग सुधारणा समिती नेमली. अध्यक्ष साहा. सभासदांत अलाहाबादचे बॅनर्जी आणि गोरखप्रसाद हे गणिती होते, नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी होते, केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर होते आणि उज्जयिनीचे प्राध्यापक आर. व्ही. वैद्य होते. ह्याच वैद्यांनी पुढे दीक्षितांच्या मराठी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. चिटणीस निर्मलचंद्र लाहिरी. मराठी मंडळींचा वाटा किती होता हे नावांवरूनच कळते.

समितीने देशभरातून पंचांगे मागविली. निरनिराळ्या भाषांतील सुमारे साठ पंचांगे टेबलावर आली. देशात चालणाऱ्या कालगणनांची संख्या तीसच्या घरात भरली. कोठे वर्ष चैत्रात सुरू होते, कोठे कार्तिकात, कोठे मेषसंक्रांतीला. कोठे महिना अमावास्येला संपतो, कोठे पौर्णिमेला. कोठे शक, कोठे विक्रम संवत, बंगालात आणखी वेगळा सन. ज्या देशात एका प्रांताचे नवे वर्ष दुसऱ्या प्रांताचा साधा मंगळवार असतो, त्या देशात सरकारने पत्रावर कोणती देशी तारीख घालावी?

अहवाल १९५५ मध्ये आला. त्याचे दोन भाग होते असे म्हणता येईल. पहिला भाग व्यवहारासाठी. त्यात सूर्याचे खरे वर्ष घेतले, शालिवाहन शक घेतला आणि वर्षारंभ वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २२ मार्चला ठेवला. लीप वर्षी २१ मार्च. चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षी ३१. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे. आश्विन ते फाल्गुन हे सहा ३० दिवसांचे. ३१ दिवस त्या पाच महिन्यांनाच का? कारण त्या काळात पृथ्वी सूर्यापासून दूर असते आणि सावकाश चालते. सूर्याला एक रास ओलांडायला जास्त दिवस लागतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या महिन्यांत असे कोणतेही कारण सापडत नाही, तेथे रोमन राजांच्या लहरी आहेत. आम्हांला स्वतःला ही मांडणी फार सुबक वाटते.

शक निवडला म्हणून मराठी माणसाला आनंद व्हावा. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ मधला, हे आपली मुले पाठ म्हणतात. लग्नपत्रिकेवर आपण शक घालतो. मात्र राष्ट्रीय चैत्र आणि आपला चैत्र एक नव्हेत. आपला पाडवा चंद्रावरचा आणि दरवर्षी फिरणारा. राष्ट्रीय १ चैत्र सूर्यावरचा आणि स्थिर. नावे तीच ठेवल्यामुळे लोक गोंधळले, हा दोष समितीच्या पदरी घालावाच लागेल.

दुसरा भाग धर्मकृत्यांसाठी, आणि तेथे साहांना माघार घ्यावी लागली. सगळे सण एकदम २३ दिवस अलीकडे आणले तर लोक ते मानणार नाहीत, हे उघड होते. म्हणून समितीने तडजोड केली. झालेली चूक तशीच राहू द्यावी, पण ती आणखी वाढू देऊ नये. संपात आणि राशिचक्राचा आरंभ यांतले अंतर २३ अंश १५ कला असे कायमचे धरावे, आणि त्यावरून धार्मिक महिने मोजावे, म्हणजे सण आज ज्या ऋतूत आहेत त्यातच थांबतील. संपूर्ण देशासाठी एकच मध्यवर्ती स्थान धरले. अहवालात पुढील काही वर्षांची दिनदर्शिका आणि निरनिराळ्या प्रांतांच्या सणांच्या तारखांची यादी दिली. सरस्वतीपूजा केव्हा करावी, हे त्या यादीत सांगणाऱ्या समितीचा अध्यक्ष तोच होता, ज्याला चाळीस वर्षांपूर्वी वसतिगृहात पूजेच्या जागी येऊ दिले नव्हते.

साहांची उडी एवढ्यावरच थांबली नव्हती. सगळ्या जगासाठी एक सुटसुटीत दिनदर्शिका असावी अशी एक चळवळ त्या काळी जोरात होती. वर्षाचे चार सारखे भाग, प्रत्येकी ९१ दिवसांचे. १ जानेवारी नेहमी रविवारी. उरलेला एक दिवस कोणत्याही वारात न धरता जागतिक सुट्टीचा. तारीख आणि वार यांची जोडी कायम राहावी हा हेतू. भारताने ही योजना संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली आणि १९५४ च्या उन्हाळ्यात साहा त्यासाठी जिनिव्हास गेले. परंतु वार नसलेला एक दिवस म्हणजे सात दिवसांच्या आठवड्याची साखळी तुटणे. ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान अशा अनेक धर्मांच्या लोकांनी त्याला कसून विरोध केला. अमेरिकेनेही पाठिंबा नाकारला आणि १९५६ मध्ये तो विषय बाजूला पडला. येथे आमचे मत विचाराल तर विरोध करणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. शनिवार किंवा रविवार हजारो वर्षे पाळत आलेल्या माणसाला गणिताच्या सोयीसाठी तो मोडायला सांगणे सोपे नाही. भारतात तडजोड करणाऱ्या साहांना जिनिव्हात ते कितपत जाणवले असेल, कोणास ठाऊक.

साहांची प्रकृती बरी नव्हती. रक्तदाबाचा विकार होता, पण धावपळ कमी झाली नाही. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत ते राष्ट्रपती भवनातील नियोजन मंडळाच्या कचेरीकडे पायी निघाले होते. वाटेतच ते कोसळले, आणि रुग्णालयात पोचेपर्यंत सारे संपले होते. वय ६२.

त्यांच्या समितीचे पंचांग पुढच्या वर्षी सुरू झाले. २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र शके १८७९ म्हणून भारत सरकारने मानला. तेव्हापासून राजपत्रावर, सरकारी दिनदर्शिकांवर आणि आकाशवाणीवर इंग्रजी तारखेबरोबर ही तारीखही देण्यात येऊ लागली. राष्ट्रीय पंचांग निरनिराळ्या भाषांत दरवर्षी निघते. त्यातील अचूक गणिताचा आधार इतर पंचांगकर्ते घेतात, आणि लाहिरींच्या नावाने ओळखले जाणारे अयनांश तर आज ज्योतिषी सर्रास वापरतात. साहांचा स्वतःचा फलज्योतिषावर विश्वास नव्हता. त्यांच्या समितीच्या कामाचा सर्वांत जास्त उपयोग पत्रिका मांडणाऱ्यांना झाला, हे त्यांना कसे वाटले असते?

सामान्य लोकांनी मात्र ही तारीख उचलली नाही. भारतात भेटलेल्या मंडळींना आम्ही सहज विचारून पाहिले; आज राष्ट्रीय तारीख काय, हे एकालाही सांगता आले नाही. बँक इंग्रजी तारखेवर चालते, देवघर तिथीवर. मधली ही तिसरी तारीख कोणाच्या घरात शिरली नाही. तिला स्वतःचा एकही सण नाही, आणि सण नसलेले पंचांग भिंतीवर कोण टांगतो? हे तिच्या न चालण्याचे एक कारण असावे असे आम्हांला वाटते.

ज्यांना घरी मुलांबरोबर ही तारीख मांडून पाहायची असेल, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. २२ मार्चपासून पुढे इंग्रजी सनातून ७८ वजा करावे, त्याआधी ७९. तो झाला शक. २२ मार्चला १ चैत्र धरून वर दिलेल्या महिन्यांच्या दिवसांप्रमाणे मोजत जावे. २२ डिसेंबरला १ पौष येतो, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळण्याच्या सुमाराचाच दिवस, आणि १४ जानेवारीची संक्रांत २४ पौषला पडते. आपल्या बेटाचा स्वातंत्र्यदिन १२ मार्च हा एरवी २१ फाल्गुन. पण १९६८ हे लीप वर्ष असल्यामुळे त्या वर्षी तो २२ फाल्गुन, शके १८८९ होता. आमच्या वर्गातील एका मुलीने हा एक दिवसाचा फरक स्वतः शोधून काढला, आणि आमचे फळ्यावरचे उत्तर पुसावे लागले.